पहिला स्टार्ट

रविवारची सकाळ झाली की मास्तरांच्या गॅरेजात पंचायत बसायची. चार माणसं, चार मतं, आणि निकाल कधीच नाही. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, पण डोंगर-नद्यांबद्दल ते इतक्या पोटतिडकीने बोलल्याचं त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने ऐकलं नसेल. त्यांना हवी होती वॅगन. साधीसुधी नाही, दणकट इंजिनाची, जमिनीला चिकटून पळणारी, मागपर्यंत लांब छप्पर असलेली. कोपऱ्यावरचा चष्मेवाला सेडानच्या बाजूचा. गाडीला डिकी वेगळीच हवी, सामानाबरोबर एका खोलीत बसून जायला आपण काय पार्सल आहोत, असं त्याचं म्हणणं. मास्तरांचा धाकटा भाऊ टायरचं दुकान चालवायचा आणि नव्या गाड्यांची टर उडवायचा. बॉनेट उघडल्यावर आत प्लास्टिकचं झाकण दिसलं तर ती गाडीच नव्हे. माणसाने एखादं जुनं धूड आणावं, खोलावं, हात काळे करावेत. चौथे फोरमनकाका. उभं आयुष्य बस डेपोत गेलेलं, हात मुरलेला. ते सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे की तिन्ही वाईट, बस बरी.

मग हसणं, चहा आणि पुन्हा पहिल्यापासून. वॅगनच्या मागच्या सीटा आडव्या केल्या की काय काय मावतं, यावर मास्तर तास तास बोलू शकत. मास्तरांकडे न्यायला सामान कसलं होतं, हे मात्र कोणी विचारत नसे. घरात ते, त्यांची बायको आणि आई. त्यातल्या आईला गाडीत बसलं की मळमळायचं.

या पंचायतीत पाचवं माणूसही होतं, पण ते मोजायची पद्धत नव्हती. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी, ट्यूबलाइटखाली, मास्तरांची बायको आपल्या टेबलाशी उभी असायची. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून चष्मेवाला वहिनी म्हणायचा, आणि म्हणून वयाने कितीतरी मोठे फोरमनकाकाही वहिनीच म्हणायचे. आठवडाभर ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात दात रचायचे, प्लास्टर ओतायचं, तासायचं, चकाकी आणायची. केसाएवढी उंची चुकली तरी समोरच्याला घास चावता येत नाही, अशा कामाची तिला सवय. आणि सुट्टीच्या दिवशी ती आपल्या वडिलांची जुनी सेडान बांधत होती.

आता गंमत बघा. चौघे जिला टेकून गप्पा हाणायचे ती गाडी हीच. चहाचे कप ठेवायचे ते हिच्याच टपावर. आणि जुनी गाडी बांधावी की नाही हा वाद रंगात आला की धाकटा दाखला द्यायचा तो स्वतःच्या दोन दारी गाडीचा. पाठीमागे हाताच्या अंतरावर एक बाई पिस्टन साफ करते आहे, हे त्याच्या गावीही नसायचं. वहिनी एकदा म्हणाली होती, "भाऊजी, कप उचला, पत्र्याला नुकतं प्रायमर मारलंय." धाकट्याने कप उचलला, माफी मागितली, आणि पुन्हा आपल्या गाडीचं कौतुक सुरू केलं.

तिचे वडील गेल्यावर ती गाडी माहेरी पत्र्याच्या शेडखाली कुजत पडली होती. तिचा भाऊ भंगारवाल्याशी बोलणी करून मोकळा झाला होता. वहिनीने ऐनवेळी क्रेन बोलावली आणि गाडी सासरी आणली. तळाचा पत्रा हाताने मोडत होता, सीटांत उंदरांनी संसार थाटला होता, इंजिन जाम. सगळं ती शिकत शिकत करत गेली. वाचलं, व्हिडिओ बघितले, चुकली, पुन्हा खोललं. अडलं की फोरमनकाकांना विचारायची, आणि काकाही हातचं न राखता सांगायचे. हीटरचं एक बटण कुठे मिळेना, तेव्हा तिने ते कवळीच्या मालातून ओतून, घासून, चकचकीत करून बसवलं. रंग हस्तिदंती आला. गाडीला दाढ बसवली म्हणून चौघे खो खो हसले होते. वहिनीही हसली होती, कारण दिसत होतं खरंच दाढेसारखं.

पंचायतीचे नियम असे फार नव्हते. एक मात्र होता आणि तो कोणी मोडत नसे. इंजिन खोलून नव्याने बांधलं की पहिल्यांदा किल्ली फिरवायची ती ज्याने बांधलं त्याने. मालकाने नाही, पाहुण्याने नाही, मदतीला आलेल्याने तर नाहीच. याला ते पहिला स्टार्ट म्हणायचे. धाकट्याच्या दोन दारी गाडीचं इंजिन तयार झालं आणि नेमका तो दुकानाच्या जिन्यावरून घसरला. पाय प्लास्टरमध्ये, क्लच दाबायची सोय नाही. किल्ली फिरवायचीच काय ती बाकी होती. पण गाडीवर चादर टाकली गेली, आणि प्लास्टर निघेपर्यंत एकानेही त्या चादरीचं टोक उचलून बघितलं नाही. मास्तर ही गोष्ट नव्या माणसाला हमखास सांगायचे. शेवटी धाकटा लंगडत आला, वहिनीने त्याला दंडाला धरून सीटवर बसवलं, त्याने किल्ली फिरवली आणि चौघे, म्हणजे तो धरून चौघे, लहान मुलांसारखे रडले.

वहिनीला ती गोष्ट आवडायची. आपल्यालाही तो दिवस येणार, हे तिने गृहीतच धरलं होतं. लॅबमध्ये कवळीला पॉलिश करताना ती मनातल्या मनात किल्ली फिरवून बघायची. आधी स्टार्टरची घरघर, मग एक ओला खोकला, मग दुसरा. बाबांच्या हाताखाली ही गाडी सकाळी कधी एका दमात सुरू झाली नव्हती. तिच्या हाताखाली होईल का, एवढंच तिला बघायचं होतं.

आणि ते जवळ आलं होतं. इंजिनाचा खालचा भाग बांधून झाला होता. वरच्या हेडमधले व्हॉल्व तिने पेस्ट लावून, तळहातांत दांडी फिरवून, एकेक करून घासून बसवले होते. त्यात अख्खी थंडी गेली होती. आता हेड चढवायचं, टायमिंग जुळवायचं, कार्ब्युरेटर, थोडी वायरिंग. टेबलावर डब्यांत नटबोल्ट ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने मांडून ठेवले होते.

नेमकी त्याच सुमारास मास्तरांना त्यांची वॅगन सापडली. एकाच मालकाने वापरलेली, काळ्या रंगाची, त्यांच्या बोलण्यावरून तरी स्वर्गातून उतरलेली. पंचायतीने चार रविवार तिच्यावर घालवले. चष्मेवाल्याने तिच्या पाठीला नाव ठेवलं, धाकट्याने तिच्या कॉम्प्युटरला, फोरमनकाकांनी सगळ्यालाच, आणि तरीही ती घ्यावी असं ठरलं. प्रश्न उरला जागेचा. एवढी नाजूक गाडी रस्त्यावर ठेवायची मास्तरांची छाती होत नव्हती आणि गॅरेजात तर सेडान. मास्तरांनी हळूच विषय काढला. वहिनी म्हणाली, महिना-दीड महिना दे, माझी चालू झाली की मीच बाहेर काढीन. मास्तर म्हणाले, होऊ दे सावकाश. ते असं म्हणाले, हे इथे मुद्दाम सांगून ठेवलेलं बरं.

मग तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि वहिनी आठवडाभर माहेरी गेली. आईच्या डोळ्यात थेंब घालायचे, तिला वाकू द्यायचं नाही, टीव्हीपुढून उठवायचं, हे काम काही कमी नव्हतं. मास्तरांचे फोन मात्र नेहमीपेक्षा जास्त यायचे. फटी मोजायचं ते फिलर गेज कुठल्या खणात असतं? ते काळं सीलंट संपलं का? वहिनीने विचारलं, तुला कशाला हवंय? तर म्हणे धाकट्याला हवंय. मागे हातोडीचा आवाज यायचा, कोणीतरी हसायचं. जागेचं माप घेत असतील, असं तिला वाटलं. नवरा आपल्या नसण्यात गॅरेज आवरतोय, या कल्पनेने तिला उलट बरंच वाटलं. माणूस किती भाबडं असतं.

रविवारी दुपारी ती परत आली. रिक्षातून उतरते तो चौघे गॅरेजच्या दारात ओळीने उभे, इस्त्रीचे शर्ट घालून. सासूबाईंनाही खुर्ची टाकून बसवलेलं. धाकट्याने फोन समोर धरला होता आणि त्यात तिचा चेहरा टिपत होता. मास्तरांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, तिचे डोळे आपल्या हातांनी झाकले आणि तिला आत नेलं.

हात काढले तेव्हा समोर तिची सेडान उभी होती. पुरी. बॉनेट लागलेलं, बंपर लागलेले, चाकांना धाकट्याच्या दुकानातले नवेकोरे टायर. टपावर कप नव्हते. मागचं टेबल लख्ख पुसलेलं आणि त्यावर एकही डबा नव्हता. हीटरच्या बटणाच्या जागी तिची दाढ नव्हती. तिथे कंपनीचं अस्सल काळं बटण होतं. चष्मेवाल्याने अभिमानाने सांगितलं की ते त्याने कुठल्या कुठून शोधून मागवलं, किती दिवस तो त्यामागे होता. हेड फोरमनकाकांनी चढवलं होतं. वायरिंग धाकट्याने केलं होतं. मास्तरांनी रात्री जागून आतल्या सीटा शिवून घेतल्या होत्या. आठवडाभर चौघांनी घाम गाळला होता. सगळं तिच्यासाठी, सगळं प्रेमाने. कोणाच्याही पोटात पाप नव्हतं. हेच तर संतापाचं आहे, पाप असतं तर भांडायला सोपं गेलं असतं.

"आता शेवटचं काम तुझं," मास्तर म्हणाले आणि लाल रिबन बांधलेली किल्ली त्यांनी तिच्या हातात ठेवली. "नियम म्हणजे नियम. पहिला स्टार्ट."

धाकटा फोन धरून बाजूबाजूने सरकत होता. वहिनी दरवाजाकडे जायच्या ऐवजी पुढे गेली, आणि लॅबमध्ये सवयीने भट्टीचं झाकण तपासावं तसा तिने बॉनेटवर तळहात ठेवला.

बॉनेट गरम होतं. कोमट नव्हे, चांगलं गरम.

"ही कोणी चालू केली?" तिने विचारलं.

मास्तर हसले. अगं, नुसती तपासून बघितली, ऐनवेळी तुझी फजिती नको म्हणून. एकदाच, असं ते म्हणाले. तीनदा, असं फोरमनकाका जमिनीकडे बघत म्हणाले, कारण त्या म्हाताऱ्याला इंजिनाच्या बाबतीत खोटं बोलता येत नव्हतं.

"पहिल्यांदा कोणी?"

"मी," मास्तर म्हणाले.

धाकट्याने फोन खाली केला. म्हणजे ती डोळे झाकून आत येणार, किल्ली फिरवणार, गाडी एका दमात सुरू होणार, ती रडणार, आणि ते व्हिडिओत टिपणार. आणि ती जन्मभर समजणार की तो पहिला स्टार्ट होता. तिला नाटकात घेतलं होतं, आणि नाटक आहे हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनासुद्धा.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा तुमच्या गाडीची किल्ली कुठे होती?"

"वहिनी, ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

"अहो, ते इंजिन मी बांध—" धाकटा म्हणाला आणि तिथेच थांबला. त्याचे कान लाल झाले. बाकीचे तिघे टायरकडे, छताकडे, जिथे जमेल तिथे बघायला लागले. वाक्य अर्धंच राहिलं होतं, पण सगळ्यांना पुरं ऐकू आलं.

मग तिची नजर जमिनीवर गेली. सेडानभोवती फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीने एक मोठा लांबुडका आयत आखलेला होता. सेडानच्या अंगाबाहेर जाणारा, पुढे भिंतीपर्यंत आणि मागे थेट तिच्या टेबलापर्यंत. टेबलाचा एक पाय त्या आयतात येत होता.

"वॅगन कधी येतेय?"

"मंगळवारी," मास्तर म्हणाले. "पण गाडी तुझीच आहे ना? कोणी नेतंय का ती? उलट तयार करून दिली."

"गाडी बाबांची होती," वहिनी म्हणाली. "इंजिन माझं होतं."

तिने किल्ली पुढच्या काचेखाली ठेवली, बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं, आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. आता काय करतेस, असं मास्तरांनी विचारलं. ती म्हणाली, थंड व्हायची वाट बघते. गरम इंजिनावरून हेड काढलं तर ते वाकतं, हे फोरमनकाकांनीच तिला शिकवलं होतं.

त्यानंतरचे दिवस घरात तिला जो उठेल तो समजवायला लागला. समजूत एकच होती, वेगवेगळ्या तोंडांनी आलेली: जाऊ दे. नवऱ्याने दागिना घडवून आणला तर कोणी तो वितळवत नाही, असं सासूबाई म्हणाल्या. माहेरून आई एका डोळ्यावर पट्टी बांधून फोनवर म्हणाली की एवढं करणारा नवरा मिळत नाही, जाऊ दे. लॅबमधल्या मैत्रिणीने तो व्हिडिओ बघितला, तेवढाच भाग जिथे तिचे डोळे झाकलेत, आणि तिचाही जीव भरून आला. वहिनीला कळेना की यात आपण कृतघ्न कशा ठरतो. कोणी तुमच्या तोंडातला घास काढून चावून परत तोंडात घातला तर आभार मानायचे का? हे तिने एकदा बोलूनही दाखवलं आणि सासूबाईंनी जेवताना असलं बोलू नये म्हटलं.

हेड उतरवल्यावर तिने बारकाईने बघितलं. कुठेतरी चूक सापडावी, असं तिला फार वाटत होतं. एक बोल्ट कमी आवळलेला, एक पाइप उलटा, काहीही. सापडली नाही. काकांचं काम नितळ होतं, तिच्याहून नीट होतं. चूक सापडली असती तर चार शिव्या घालून मन मोकळं झालं असतं. इथे सगळं बरोबर होतं, आणि तरीही तिचं नव्हतं.

काका दुसऱ्याच दिवशी एकटे आले. बराच वेळ दाराशी घुटमळले. मग म्हणाले, "वहिनी, हेड काढून काही उपयोग नाही. इंजिन एकदा चाललं. पिस्टनवरच्या रिंगा सिलिंडरला घासून बसायला लागल्या. ते आता मागे जात नाही."

"मग रिंगा काढीन."

"म्हणजे पार खालपर्यंत?"

"पार खालपर्यंत, काका."

काकांनी मान हलवली. मीच आधी नाही म्हणायला हवं होतं, असं काहीसं ते पुटपुटले, आणि मग आपल्या थैलीतून तिच्या नटबोल्टांचे डबे काढून त्यांनी टेबलावर ठेवले. चौघांनी बाजारातून नवे नटबोल्ट आणून लावले होते, आणि तिचे डबे कचऱ्यात जाताना बघून काकांनी ते घरी नेले होते. आतला क्रम मात्र कोणीतरी एकत्र ओतून मोडला होता. तो पुन्हा लावण्यात तिची एक सुट्टी गेली, आणि त्या दिवशी ती स्वतःशी इतक्या जोरात बोलत होती की सासूबाईंनी खिडकी लावून घेतली.

वॅगन मंगळवारी आली आणि रस्त्यावर उभी राहिली. समोरच्या झाडावर पाखरांचा मुक्काम होता. मास्तर रोज सकाळी शाळेत जाण्याआधी बादली आणि फडकं घेऊन टप धुवायचे, आणि गल्लीतली माणसं त्यांचं वॅगनबद्दल अभिनंदन करत जायची. त्यांनी माफी मागून बघितली. स्वयंपाकघरात मागितली, गच्चीवर मागितली, सगळ्यांसमोर मागतो म्हणाले. वहिनीने सांगितलं की माफी नको, गॅरेजची दुसरी किल्ली दे. ती त्यांनी दिली. देताना एवढंच विचारलं, "मला तुझं भलंच करायचं होतं, हे तरी पटतं का?"

"पटतं," ती म्हणाली. "मलाच विचारायचं तेवढं राहिलं."

पंचायत आता रस्त्यावर भरायला लागली, वॅगनभोवती. शटर आतून बंद असायचं. बाहेरून आवाज यायचे: हिच्या मागच्या काचेतून दिसत नाही, सेडान घेतली असती तर पाखरांनी एवढी जागा तरी व्यापली नसती, असं चष्मेवाला. आत वहिनी पिस्टन बाहेर काढत होती. सिलिंडरच्या भिंती पुन्हा घासून घेतल्या. नव्या रिंगा मागवल्या, त्या चुकीच्या मापाच्या आल्या, परत पाठवल्या, वाट बघितली. हेडखालचं गॅस्केट एकदा दाबलं गेलं की पुन्हा चालत नाही, तेही नवं. जिथे तिचा हात नव्हता तिथला प्रत्येक नट तिने सोडवला आणि स्वतःच्या हाताने आवळला. त्यातला निम्मा वेळ ती रागात होती. रागात काम बिघडतं म्हणतात, पण तिचं बिघडलं नाही. मोजमापाला राग कळत नाही.

एका रविवारी शटरवर हलकी टकटक झाली. चष्मेवाला होता. आत न येता त्याने फटीतून हात पुढे केला. तळहातावर हस्तिदंती दाढ होती. फेकवली नाही, खिशात राहिली, असं तो म्हणाला, आणि ते अस्सल बटण काढा हवं तर, मला काही वाटणार नाही. त्याला पुष्कळ वाटत होतं, ते दिसत होतं. वहिनीने दाढ घेतली आणि तो जाईपर्यंत थांबून मगच काळं बटण उपसलं.

शेवटी एका रविवारी करायला काही उरलं नाही. तिने तेल बघितलं, पाणी बघितलं, पेट्रोल ओतलं, बॅटरीच्या तारा आवळल्या, धूर जायला मागची खिडकी उघडली. बाहेर पंचायत रंगात आली होती. मास्तर वॅगनचा वेग सांगत होते. वहिनीने बॉनेटचा पत्रा हाताने चाचपला. गार होता. मग बॉनेट उघडं टाकून ती आत बसली. किल्लीला अजून ती लाल रिबन होती. तिने ती सोडून फेकून दिली.

स्टार्टर घरघरला, आणि बाहेरचे आवाज कापल्यासारखे थांबले. इंजिनाने ओला खोकला दिला आणि गप्प झालं. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा खोकला. शटरखालच्या फटीतून उजेड येत होता आणि त्या उजेडात चार माणसांचे आठ बूट येऊन उभे राहिलेले तिला दिसले. एक बूट उचलला गेला, दाराकडे सरकला, आणि कोणीतरी ओढल्यासारखा मागे गेला. कोणी टकटक केली नाही. तपासून बघू का, असं कोणी विचारलं नाही.

तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. आधी अडखळली, मग सावरली, आणि मग सगळं गॅरेज भरून एकसारखी चालत राहिली. वहिनीचे डोळे भरून आले आणि ते टिपायला कोणी नव्हतं. ती उतरली, गळती कुठे नाही ना ते बघितलं, आणि हलकेच बॉनेट लावलं. त्यावर तळहात ठेवला. गार होतं. बूट अजून तिथेच होते. ते तसेच उभे राहिले आणि तीही उभी राहिली, बॉनेट हाताखाली कोमट होईपर्यंत. शटर तिने त्यानंतर उघडलं.